शंटिंग ड्रायव्हरची मोटार

५ जानेवारी १९५६, कल्याण

आज आमच्या अंगणात मोटार आली. बैलांनी ओढून आणली.

वखारवाल्या शेठनी ती सहा वर्षं लाकडांमागे झाकून ठेवली होती. त्यांना जागा हवी होती, मला मोटार हवी होती. "घेऊन जा, उपकार होतील," म्हणाले. वर नव्या सालची ही डायरीही दिली. गाडी गेल्याच्या आनंदात दिली असावी असं आता वाटतं.

गाडी चौतीस सालची, म्हणजे आमच्या धाकट्या मुलाच्या वयाची. टप कापडाचा, त्याला भोकं. मागच्या सीटमध्ये कोंबडीने अंडी घातलेली. आमच्या हिने, म्हणजे विमलने, आधी अंडी काढून घेतली आणि मग गाडीला हळदकुंकू वाहिलं. "अंडी ताजी आहेत," एवढंच म्हणाली. गाडीबद्दल काही म्हणाली नाही.

माझ्याबद्दल लिहायचं तर वय पंचावन्न, नोव्हेंबरात रेल्वेतून रिटायर. तीस वर्षं इंजिन ड्रायव्हर. हे सांगितलं की लोक आदराने बघतात आणि विचारतात, कुठली मेल चालवायचात? तिथे आदर संपतो. मी शंटिंग ड्रायव्हर होतो. कल्याण यार्डात डबे पुढे ढकलायचे आणि मागे ओढायचे. माझ्या इंजिनाचा सगळा प्रवास सरळ मोजला तर काशीला कितीतरी वेळा जाऊन येणं झालं असतं. प्रत्यक्षात मी यार्डाच्या टोकाच्या पत्रीपुलापुढे गेलो नाही.

हिला तर मी कुठेच नेलं नाही. रिटायर झालो त्या दिवशी कबूल केलंय की माहेरी मोटारीने नेईन. तिचं माहेर मुरबाडच्या पुढे, सरळगावपासून आत. तिथे रेल्वे जात नाही. इतकी वर्षं हेच माझं आवडतं कारण होतं.

१३ जानेवारी

इंजिनाच्या डोक्याचे बोल्ट आवळले. दोन तुटले. माझा हात चार फुटी पान्याचा, आणि हे बोल्ट करंगळीएवढे. वाफेच्या इंजिनाला जोर लावला की ते खूश होतं. या गाडीला जोर लावला की मोडते. उरलेले बोल्ट हिच्यासमोर आवळले. ती दर वेळी म्हणायची, "पुरे." तेवढे टिकले.

२ फेब्रुवारी

हिच्या भावाचं, परशुरामचं पत्र आलं. मुलीचं लग्न ठरलंय, अठरा मे, गोरज मुहूर्त. पत्र ताईच्या नावाने. शेवटी एक ओळ: "दाजींना रजा मिळाल्यास त्यांनाही आणावे."

मी रिटायर झाल्याचं त्याला माहीत आहे.

हिने ती ओळ मोठ्याने वाचली नाही. पत्र घडी करून फडताळात ठेवलं. मी म्हटलं, "मोटारीने जाऊ. अठरा मे म्हणजे साडेतीन महिने आहेत." ती म्हणाली, "बघा, झाली तर झाली. एस.टी. आहेच." मला राग आला. मी एस.टी.ने जाणार नाही. परशुरामच्या दारात मी माझ्या गाडीतून उतरणार.

१९ फेब्रुवारी

कार्बोरेटरमध्ये पितळेची एक पोकळ डबी असते. ती पेट्रोलवर तरंगली पाहिजे. आमची बुडते. बारीक भोक आहे, त्यातून पेट्रोल आत जातं. डाग देऊन घ्यायला कल्हईवाल्याकडे गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "विमलाबाईंचे मिस्टर का?" मग बाकीची भांडी बाजूला सारून आधी माझं काम केलं.

पंख्याचा पट्टा शिवायला चांभाराकडे गेलो. तिथेही तेच. गिरणीवाल्याने जुना पट्टा दिला तोही विमलाबाईंसाठी. मी तीस वर्षं या गावात राहतोय असं समजत होतो. राहत ती होती. मी यार्डात होतो.

४ मार्च

चार सिलिंडर, चार वायरी. पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी, अशा लावल्या. सज्जन माणूस आणखी काय करणार? मग हँडल मारलं. गाडी शिंकली, कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ आला, आणि हँडल उलटं फिरून माझ्या उजव्या मनगटावर बसलं.

शहाड नाक्यावर गॅरेज असलेला प्रभाकर सायकलवरून चालला होता. तो थांबला. "काका, एक-तीन-चार-दोन."

"काय?"

"वायरी. एकानंतर तीन पेटतो, मग चार, मग दोन."

"दोनाने काय गुन्हा केला?"

"त्याचा नंबर शेवटी," तो म्हणाला. वायरी बदलून देऊ का, असंही विचारलं. मी म्हटलं, नको, मी करतो. करायचं ते एकाच हाताने, हे सायकल दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं.

५ मार्च

मनगट सुजलंय. हिने आंबेहळद लावून फडक्यात बांधलं. डाव्या हाताने लिहितोय. हे अक्षर मलाच वाचता येत नाही, तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

अडतीस साली हिचे वडील गेले. निरोप सकाळी आला. त्याच दिवशी संध्याकाळी मला भुसावळला मेन लाइनच्या परीक्षेला जायचं होतं. पास झालो असतो तर यार्ड सुटलं असतं. मी शेडमध्ये गेलो, साहेबाच्या खोलीपाशी उभा राहिलो आणि परत आलो. हिला सांगितलं, "साहेब रजा देत नाही." ती दोन पोरांना घेऊन एकटी गेली. तेव्हा मुरबाडच्या पुढे बैलगाडी होती.

साहेबाने नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. विचारलं तर यादीतून नाव जाईल, ही भीती.

परीक्षेत नापास झालो. तोंडी परीक्षेत विचारलं, घाटात गाडी मागे घसरायला लागली तर काय कराल? यार्डात घाट नसतो.

साहेब भला माणूस होता. सत्तेचाळीसला विलायतेला गेला. परशुरामच्या गावात अजून त्याच्या नावाने, आणि त्याहून जास्त माझ्या नावाने, बोटं मोडत असतील. बहिणीचा नवरा सासऱ्याच्या मातीला आला नाही, बाराव्यालाही आला नाही. अठरा वर्षं मी त्या घरात पाय ठेवलेला नाही. हिला खरं कधी सांगितलं नाही. आता सांगून काय होणार, असं दर वर्षी वाटतं आणि वर्ष जातं.

हात दुखतोय.

२६ मार्च

चालू झाली. एक-तीन-चार-दोन. मी हिला हाक मारली, ती पिठाच्या हातांनी धावत आली. चार मिनिटं चालली. मग रेडिएटरमधून पाणी गळायला लागलं. हिने मूठभर हळद आणून आत टाकली. कुणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे. गळती थांबली. माझ्या मनगटालाही हळद आणि गाडीलाही हळद. औषध एकच, गुण गाडीला लवकर आला.

८ एप्रिल

आज पहिल्यांदा मैदानात चालवली. शेजारी प्रभाकर. तो आपण होऊन आला, मी बोलावलं नव्हतं.

सरळ छान गेलो. मग वळण आलं. मी वाट पाहिली. तीस वर्षं वळण आलं की रूळ वळतात आणि इंजिन आपोआप वळतं. ड्रायव्हरने त्यात हात घालायचा नसतो. प्रभाकर ओरडला, "काका, चाक फिरवा." मी ब्रेक शोधला. तो इंजिनात जिथे असतो तिथे नव्हता. गोवऱ्यांच्या राशीत गेलो.

मागे घेताना मात्र एकाही गोवरीला धक्का न लावता बाहेर काढली. प्रभाकर म्हणाला, "काका, तुम्ही मुरबाडला उलटेच जा."

२४ एप्रिल

लायसनसाठी ठाण्याला जाऊन आलो. प्रभाकर बरोबर होता. लायसन देणाऱ्या साहेबांनी दोन पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला सांगितली. मी डोळे मिटून घेतली असती. ते खाली वाकून पाहत राहिले. मग विचारलं, "पुढे कशी चालवता?" म्हटलं, "जमेल तशी." त्यांनी सही केली.

येताना कळव्याच्या पुलावर पाणी उकळलं. मागे मिठाच्या गाड्या खोळंबल्या. मी बॉनेट उघडून आत बघत बसलो, जणू आत काही दिसतंय. पुलावरच्या कुणाकडे पाणी मागायचं म्हणजे कसं मागायचं? शेवटी मीच डबा घेऊन खाडीकडे निघालो. मिठागरावरचा एक म्हातारा, राघो नाव त्याचं, आडवा आला. "खाडीचा पानी नको टाकू बाबा, आतून सगला गंजल. यो माजा मडका घे." त्याने स्वतःचं पिण्याचं पाणी ओतलं. त्याला प्रभाकरने विचारलं होतं, मी नाही.

घरी येता येता प्रभाकर म्हणाला, "टाकीतून पेट्रोल वर खेचतो त्या पंपातला पडदा विरलाय, काका. माझ्याकडे नवा आहे, बसवून देतो." मी म्हटलं, मी बनवतो. माझ्या रेल्वेच्या रेनकोटाचं कापड चांगलं जाड आहे. गोल कापून बसवला. उत्तम बसला.

१२ मे

सहा दिवस राहिले. गाडीखाली होतो तेव्हा ही आणि शेजारच्या हौसाबाई ओसरीवर बोलत होत्या. हौसाबाईंचा नवरा माझ्याच शेडमध्ये फिटर होता. हौसाबाई म्हणाल्या, "प्रभाकर एका दिवसात करून देईल. का नाही सांगत त्याला?"

ही म्हणाली, "यांना मागता येत नाही गं. आधीपासून नाही येत. समोरचा द्यायला बसलेला असतो, हे दारातून परत येतात."

मला बरं वाटलं. निदान बायकोला माझा स्वाभिमान कळतो. आपल्या हाताने केलेल्या कामाची सर दुसऱ्याच्या हाताला नाही.

१७ मे

हिने टपाची भोकं जुन्या लुगड्याने शिवली. आहेराची साडी, लाडवांचा डबा, पेट्रोलचा जादा डबा, सगळं भरलं. उद्या सकाळी आठला निघायचं. पंचवीस-तीस मैल. मुहूर्त संध्याकाळचा. बैलगाडीनेसुद्धा पोचलो असतो.

२० मे, हिच्या माहेरी

दोन दिवसांचं एकदम लिहितोय.

निघालो वेळेवर. हौसाबाईंनी गाडीवरून लिंबू उतरून टाकलं. शहाड गेलं, कांबा गेलं, रायत्याच्या पुलावर ही नदीकडे बघून म्हणाली, "तेव्हा इथे आमची एस.टी. बंद पडली असती तर बरं झालं असतं. एकटी का आलीस, हे कुणी विचारलं नसतं." कधी, ते मी विचारलं नाही. अडतीस साली एस.टी. नव्हतीच, तीही जरा चुकली, असं मनाशी म्हटलं.

गोवेली अर्ध्या मैलावर असताना गाडी दोनदा ठसकली आणि थांबली. पंप उघडला. रेनकोट पावसाला टिकतो, पेट्रोलला नाही. पडद्याचा लगदा झाला होता.

लाडवांच्या डब्याचा कागद लावला, फाटला. हिच्या पिशवीचं मेणकापड लावलं, तेही गेलं. ही आंब्याखाली बसून माझ्याकडे बघत होती. साडेदहाला म्हणाली, "एस.टी. येतेय." मी मान खाली घालून पाना फिरवत राहिलो. पाना कशावरही नव्हता, नुसता फिरत होता. एस.टी. धूळ उडवून गेली.

बारा वाजले. मी म्हटलं, "पुढची एस.टी. आली की तू जा. मी मागून येतो."

ती म्हणाली, "मागच्या वेळी एकटी गेले होते. आता नाही जाणार."

मी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. बाहेर काढायला तोंड नव्हतं. पेट्रोल वर चढत नसेल तर ते वरूनच खाली आलं पाहिजे, हे तेवढ्यात सुचलं. वर भांडं, खाली रबरी नळी, मध्ये तोटी. अशी वस्तू मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, रेल्वेच्या इस्पितळात, आणि ती ओळख सुखाची नव्हती.

गोवेलीला चालत गेलो. दवाखाना सापडला. दोनदा दारावरून पुढे गेलो. मी दारातून परत फिरणार हे मला आधीच माहीत होतं, इतका मी स्वतःला ओळखतो. तिसऱ्यांदा मागे रस्त्याकडे पाहिलं. ती तिथून दिसत नव्हती. पण ती बसलेली होती, आणि मुहूर्त माझ्यासाठी थांबणार नव्हता. आत गेलो.

कंपाउंडर काळुराम म्हणून होता. म्हटलं, "तुमच्याकडे एनिमाचं भांडं आहे का?"

"आहे. कुणाला द्यायचाय?"

"मोटारीला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी सगळं सांगितलं. पडदा, रेनकोट, लग्न, मेहुणा. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. एकदा मागायला तोंड उघडलं की बंद कसं करायचं ते मला येत नसावं. काळुराम उठला, भांडं धुऊन पुसून दिलं आणि म्हणाला, "परवापर्यंत परत आणा. दुसरं नाहीये." इतकंच. लोक इतक्या सहज देतात हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

भांडं टपाच्या काठीला बांधलं. नळी बॉनेटच्या फटीतून कार्बोरेटरला. पण हिंदकळून पेट्रोल सांडायला लागलं, म्हणून ही पुढच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी भांडं धरलं. विडीवाले दिसले की मी लांबूनच हॉर्न वाजवत होतो. आम्ही बैलांच्या चालीने निघालो.

मुरबाड मागे पडल्यावर ती म्हणाली, "त्या कंपाउंडरकडे गेलात तसे तेव्हा साहेबाकडे गेला असता तर त्यानेही दिली असती."

माझा हात चाकावरून सुटला असता. "काय दिली असती?"

"रजा."

रस्ता सरळ होता म्हणून बरं. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? त्याच आठवड्यात हौसाबाईच्या नवऱ्याला चुलत्याच्या बाराव्याला रजा मिळाली होती. त्याच साहेबाने दिली होती."

"मग बोलली का नाहीस?"

तिने भांडं सरळ धरलं. "बोलणार होते. पण तुम्ही नापास होऊन आलात, तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, आता कशाला. मग राहिलं ते राहिलंच." आणि मग, "मी रडले ते रडले. तुम्ही शेडमध्ये होतात."

समोरचं नीट दिसेना. पेट्रोलची वाफ असेल. ती म्हणाली, "अहो, वळण आलंय." मी चाक फिरवलं.

साडेपाचला मांडवासमोर उतरलो. माझ्या गाडीतून उतरलो खरा, पण जसं ठरवलं होतं तसं काही ते झालं नाही. हिच्या साडीला पेट्रोलचा वास, माझं तोंड काळं, आणि वर एनिमाचं भांडं. वऱ्हाडातल्या एका डॉक्टरांनी ते ओळखलं आणि आजूबाजूला सांगितलं. मुलीकडचे, मुलाकडचे, वाजंत्रीवाले, सगळे हसले. परशुराम हसला नाही. त्याने बहिणीला आत नेलं.

काल सकाळी पंगती आटोपल्यावर मी त्याला गोठ्यामागे गाठलं. म्हटलं, "अडतीस साली साहेबाने रजा नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती. परीक्षा होती."

तो बैलाला पेंढा टाकत होता. टाकून झाल्यावर म्हणाला, "खांदा द्यायला आम्ही घरचे तिघंच होतो. चौथा शेजारचा आणला."

मी उभा राहिलो. दुसरं काय करणार? सॉरी म्हणायचा आमचा काळ नाही. पाया पडावं तर तो माझ्याहून लहान.

मग त्याने विचारलं, "ताईला माहीत आहे?"

"मी सांगण्याआधीपासून."

तो आत निघून गेला. दुपारी माझं पान त्याच्या शेजारी मांडलेलं होतं. कुणी मांडलं ते कळलं नाही. जेवताना त्याने मला मीठ वाढलं, तेवढंच.

आज मी म्हटलं, काळुरामचं भांडं परत करायचंय, आता आम्हाला रजा द्या. परशुराम म्हणाला, "नाही मिळणार." तेव्हाही तो हसला नाही. पण उठून गाडीच्या चारी चाकांखाली दगड लावून आला.

२३ मे, कल्याण

मी एकटाच एस.टी.ने आलोय, पंपाच्या पडद्यासाठी. ही तिकडेच आहे. वाटेत उतरून काळुरामला भांडं दिलं आणि लाडू दिले. पेट्रोलचा वास गेला नव्हता. तो म्हणाला, "आता पेशंट पेट घेईल," आणि भांडं उन्हात ठेवलं.

प्रभाकरच्या गॅरेजात गेलो. म्हटलं, "पडदा दे. आणि येऊन बसवून दे. मला जमत नाही."

तो हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागला. मग पेन्सिल घेतली. "आणखी काय काय आहे, काका? एकदाच सांगा, सामान घेऊन येतो."

मी सांगायला लागलो. ब्रेकच्या सळ्या सैल आहेत. मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, दोरीने बांधलाय. रेडिएटरमध्ये हळद आहे. दोन बोल्ट नाहीतच. दुसरा गिअर हाताने धरून ठेवावा लागतो. डावं दार आतून उघडत नाही, बाहेरूनही नाही. पान भरलं, त्याने उलटलं. ते अर्धं भरल्यावर पेन्सिल खाली ठेवली.

"काका, असं करू. गाडीत चांगलं काय आहे तेवढं सांगा. लवकर होईल."

मी विचार केला. डोळ्यांसमोर ही आली, पुढच्या सीटवर गुडघ्यांवर उभी, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी भांडं उंच धरलेलं, वाऱ्याने विस्कटलेले पांढरे केस. ते काही प्रभाकरला सांगण्यासारखं नव्हतं.

म्हटलं, "हॉर्न."

त्याने लिहून घेतलं.